किल्लारीचं स्वप्न पुन्हा पडू लागलंय. कुणी यातून गेलंय का?

तेरणाकाठ | ४ ऑगस्ट, रात्री २:४०

झोप येत नाही म्हणून लिहितेय असं म्हणणार होते, पण ते खरं नाही. झोप येतेय. झोपायची भीती वाटतेय.

मी मूळची लातूर-धाराशिवच्या सीमेवरच्या एका गावची. ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला तेव्हा ९ वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाला उशीर झालेला, गाव दमून झोपलेलं, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सगळं खाली आलं. आमचं घर तिकडच्या इतर घरांसारखंच होतं. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर मातीचं माळवद. आजी, मी आणि धाकटा भाऊ मधल्या खणात झोपलो होतो. बाबा विसर्जनाहून उशिरा आले म्हणून बाहेर अंगणात बाजेवरच आडवे झाले होते. मला दुपारी कधीतरी बाहेर काढलं. आजी आणि भाऊ गेले.

नंतरचं तुकड्या-तुकड्यांत आठवतं. पाऊस आठवतो. घरांच्याच तुळया आणि खांब काढून रचलेली सरणं आठवतात. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. पत्र्यावर पाऊस वाजला की आख्खी ओळ जागी व्हायची, माणसं पोरांना काखेत मारून बाहेर पळायची.

स्वप्न एकच आहे. तोंडात माती. आजीचा हात माझ्या मनगटावर. वरून कुणीतरी चालतंय, माती झरतेय. मी हाक मारते आणि आवाज फुटत नाही. हात गार होत जातो.

लहानपणी रोज पडायचं. आत्याने देवऋषाकडे नेलं. अंगारा, लिंबू, गळ्यात ताईत, सगळं झालं. मोठी होत गेले तसं कमी झालं. गेली कित्येक वर्षं वर्षातून एक-दोनदा, तेही गणपतीच्या सुमारास. मला वाटलं होतं सुटले.

यंदा जूनपासून आमच्या शेजारची जुनी इमारत पाडताहेत. दिवसभर ब्रेकर चालतो, फरशीतून तळपायाला कळतो. संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव. पुण्यात राहणाऱ्यांना माहीत आहे तो आवाज कानात कमी आणि छातीत जास्त वाजतो. त्यात पहिला पाऊस पडून त्या पाडलेल्या मातीचा ओला वास आला, आणि त्या रात्रीपासून दर दोन-तीन रात्रींनी स्वप्न.

दिवसाही मी बरी नाही. लिफ्टमध्ये जात नाही, पाच मजले चढते. पलंगाखाली टॉर्च आणि चपला ठेवते. मुलगी गादीवर उड्या मारत होती तर तिच्यावर इतकी ओरडले की ती रात्री आजोबांजवळ झोपायला गेली. गेल्या आठवड्यात नवऱ्याने मला उठवायला हलवलं, तर मी झोपेतच त्याच्या तोंडावर मारलं. ओठ फुटला त्याचा.

एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, ३१ वर्षं झाली की हो, अजून भूकंपाचं काय घेऊन बसलात. गोळ्यांनी झोप लागते, पण स्वप्न पडलं की लवकर बाहेर येता येत नाही. ते जास्त वाईट आहे.

इतक्या वर्षांनी हे परत येतं का? आणि परत जातं का?

---

अबोली_कोकण | ४ ऑगस्ट, सकाळी ६:५५

ताई, सकाळी उठल्या उठल्या वाचलं. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, पण तू लिहिलंस ते वाचलं गेलंय एवढं कळावं म्हणून लिहितेय. घट्ट मिठी.

---

नानाकाका_६७ | ४ ऑगस्ट, सकाळी ८:१०

मुली, झोपण्यापूर्वी हातपाय धुऊन रामरक्षा म्हणत जा. मन खंबीर कर. जे झालं ते देवाच्या मनात होतं. जुनं उकरत बसलं की जखम भरत नाही. मुलीकडे बघ आणि मागचं विसर.

---

चर्चगेट_विरार | ४ ऑगस्ट, सकाळी ११:३०

नानाकाका, तुम्ही कळकळीने लिहिलंय हे कळतं. तरी एक सांगू? विसर म्हटल्याने विसरता आलं असतं तर आम्ही पहिल्याच आठवड्यात विसरलो असतो.

तेरणाकाठ ताई, मी ११ जुलै २००६ चा. त्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत ७ स्फोट झाले, सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत. मी शेजारच्या डब्यात होतो. मला खरचटलंसुद्धा नाही. त्यामुळे पहिली दोन वर्षं मी स्वतःलाच सांगायचो की तुला काय झालंय, ज्यांना झालं त्यांना विचार. मी रुळांवर उतरून लोकांना उचललं होतं. जे पाहिलं ते इथे लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा लोकलने कामावर गेलो. मुंबईकर कसे लगेच उभे राहतात याचं कौतुक तेव्हा सगळीकडे चाललं होतं आणि मलाही ते छान वाटत होतं. स्वप्नं सुरू झाली ती सहा महिन्यांनी. मग गर्दीत घाम फुटायला लागला. रॅकवरच्या बेवारस पिशव्या मोजायची सवय लागली. शेवटी लोकल सोडली, बसने जायला लागलो, दोन-अडीच तास एका बाजूने. २००९ मध्ये बायकोने हाताला धरून मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं.

परत येतं का? हो. माझं जुलैत येतं. ओल्या छत्र्यांचा कुबट वास आणि पहिल्या वर्गाच्या सीटचा वास एकत्र आला की पोटात गोळा येतो. पण आता तो येतो, थांबतो आणि जातो. आधी तो मुक्कामाला यायचा.

काय केलं तेही सांगतो, कारण मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही एक यादी केली, कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत. पहिला आठवडा फक्त फलाटावर जाऊन बाकावर बसायचं, गाडीत चढायचं नाही. छाती धडधडली तरी उठायचं नाही, ती आपोआप उतरेपर्यंत बसायचं. मग दुपारच्या रिकाम्या गाडीतून एकच स्टेशन. मग तीन स्टेशनं. मग संध्याकाळची ६ नंतरची गाडी, दुसरा वर्ग. पहिल्या वर्गात चढायला मला ११ महिने लागले. मधे दोनदा मागे आलो, एकदा तर चालत्या गाडीतून उतरायला निघालो होतो. तज्ज्ञ म्हणाले, मागे आलात म्हणजे यादीतली पायरी उंच होती, आपण मधे एक छोटी घालू. त्या वाक्याने मला फार धीर दिला होता.

तुमची लिफ्ट अशीच पायऱ्या-पायऱ्यांनी परत मिळेल. घाई नको.

---

निशिगंध_समुपदेशक | ४ ऑगस्ट, रात्री ९:२०

मी एका सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात समुपदेशक आहे. इथे बसून निदान करणं योग्य नाही, तरी धागालेखिकेच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं 'हो' आहेत. तीस वर्षांनी परत येऊ शकतं. आणि तीस वर्षांनी उपचार घेतले तरी कमी होऊ शकतं.

साधी आठवण 'झालं होतं' अशी येते. आघाताची आठवण 'होतंय' अशी येते. फरक एवढाच, पण सगळा त्रास त्यातच आहे. धोक्याच्या क्षणी मेंदू वास, आवाज, अंगाला जाणवलेला हादरा हे सगळं टिपून ठेवतो, पण त्यावर तारीख नीट पडत नाही. त्यामुळे २०२४ मध्ये ओल्या मातीचा वास आला की शरीर १९९३ मधलं उत्तर देतं. तुमच्याकडे ब्रेकर, ढोल, ओली माती आणि गणपतीचे दिवस असं चारही बाजूंनी एकदम आलंय. तुम्ही कमकुवत झाल्या नाहीत. यंदा खुणाच जास्त जमल्या.

स्वप्नं उत्तररात्री का पडतात असंही अनेकजण विचारतात. स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते, म्हणून.

आता गोळ्यांबद्दल. चिठ्ठी न बघता मी कुठल्या गोळ्या ते सांगू शकत नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातली औषधं असतील तर आघातानंतरच्या मानसिक आजारात (पीटीएसडी) ती मूळ त्रासावर उपयोगी पडत नाहीत, आणि सवय लागते. पण मनाने एकदम बंद करू नका, त्याचाही त्रास होतो. मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. सर्ट्रालीनसारखी औषधं दिवसभराच्या बेचैनीवर वापरली जातात, त्यांना काही आठवडे द्यावे लागतात. स्वप्नांसाठी प्राझोसिन नावाचं मुळात रक्तदाबाचं औषध काही डॉक्टर देतात. काहींना त्याने खूप आराम पडतो, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत ते औषध आणि औषध नसलेली साधी गोळी यांत फरक दिसला नव्हता. म्हणून कुणाला लागू पडलं हे ऐकून दुकानातून आणू नका. रक्तदाब एकदम उतरतो.

औषधापेक्षा माझा भर बोलण्यावरच्या उपचारांवर आहे. आघात-केंद्रित सीबीटी (आघाताबद्दलचे विचार आणि टाळाटाळ यांवर काम करणारी पद्धत) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत आठवणीवर काम करणारी पद्धत), दोन्ही चांगले तपासलेले उपचार आहेत. साधारण ८ ते १२ सत्रं लागतात, कधी जास्त. शोधताना तज्ज्ञाला थेट विचारा की आघाताच्या रुग्णांवर यातल्या कुठल्या पद्धतीने काम केलंय. विचारण्यात संकोच नको.

आणि दुःस्वप्नांसाठी एक वेगळी पद्धत आहे. दिवसा, पूर्ण जागेपणी, स्वप्न कागदावर लिहायचं. मग त्यातलं काहीही एक बदलायचं, तुम्हाला हवं ते. ते बदललेलं स्वप्न रोज १०-२० मिनिटं डोळे मिटून, शांतपणे मनात चालवायचं. जुनं नाही, नवं. सुरुवात सगळ्यांत भयंकर स्वप्नापासून करत नाहीत, एखाद्या हलक्या वाईट स्वप्नापासून करतात. तुमच्या स्वप्नाला हात लावायचा तर सोबत तज्ज्ञ असावा असं माझं मत आहे.

खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, पुण्यात येरवड्याचं मनोरुग्णालय आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. नावाला घाबरू नका. रात्री अपरात्री बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जगणं नको असं वाटायला लागलं तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी रुग्णालयात जायचं, घरातल्या कुणाला तरी सांगून.

नानाकाका, रामरक्षेने शांत वाटत असेल तर ती जरूर म्हणावी. पाठ असलेले शब्द, ठरलेली लय, लांब श्वास, याने शरीर खरंच उतरतं. फक्त उपचाराच्या बदल्यात नको.

---

नानाकाका_६७ | ५ ऑगस्ट, सकाळी ७:००

पटलं. विसर असं म्हणायला नको होतं. माझी आईही फाळणीच्या वेळी कराचीतून आली होती, मराठी शाळेत शिक्षिका होती तिथे. ती रात्री उठून दाराची कडी तपासायची. आम्ही पोरं हसायचो. हा धागा वाचून आज तिची आठवण आली.

---

सातारची_वहिनी | ५ ऑगस्ट, दुपारी ३:१५

मी नवऱ्याबद्दल लिहिते, कारण ओठ फुटल्याचं वाचून मला माझंच घर दिसलं.

आमचे हे फौजेत होते, कारगिलला होते. सुट्टीवर आले की पहिल्या चार रात्री मी जमिनीवर झोपायची. एकदा त्यांनी झोपेत माझा गळा धरला होता. जाग आल्यावर ते इतके रडले की मलाच त्यांना समजवावं लागलं. त्यानंतर ते स्वतःच ओसरीवर झोपायला लागले आणि सासूबाईंना वाटलं आमचं भांडण झालंय.

तुमच्या यजमानांना सांगा, हलवून उठवायचं नाही. अंगाला हात लावायचा नाही. आधी दिवा लावायचा. मग पलंगापासून दोन हात लांब उभं राहून नावाने हाक मारायची, साध्या आवाजात. जाग आली की 'काय झालं, काय दिसलं' विचारायचं नाही. आम्ही सांगतो, 'तुम्ही घरी आहात, सातारला, आज मंगळवार, मी आहे.' एवढंच. मग पाणी. त्यांना बोलायचं असेल तर सकाळी बोलतात.

दुसरं म्हणजे दारू. पिऊन झोप लागते म्हणून दोन पेगचे चार झाले. डॉक्टरांनी समजावलं की दारूने पहिली अर्धी रात्र गाढ झोप लागते आणि उत्तररात्री स्वप्नं दुप्पट जोराने येतात. सुटायला दीड वर्ष गेलं. अजूनही लग्नकार्यात माझं लक्ष त्यांच्या ग्लासावर असतं.

आणि एक मनातलं. वेगळं झोपण्यात लाज नाही. आम्ही आजही दोन पलंगांवर झोपतो, हात पुरेल एवढ्या अंतरावर.

---

ओळंबा | ६ ऑगस्ट, रात्री १०:४५

मी स्थापत्य अभियंता. मनाचं मला कळत नाही, पण घराचं कळतं, म्हणून लिहितोय. चुकीच्या जागी वाटलं तर क्षमस्व.

नोकरीच्या सुरुवातीला मी त्या भागातल्या पुनर्वसनाच्या कामावर होतो. ५२ गावं पूर्ण उठवून नव्या जागी वसवली गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात इतक्या ताकदीचे भूकंप दर वर्षी कित्येक होतात आणि बऱ्याच ठिकाणी माणसं मरत नाहीत. तिथे जवळपास दहा हजार गेली. भूकंपाचा उगम उथळ होता, वेळ झोपेची होती, हे आहेच. पण माणसं मारली ती मुख्यतः घरांनी. गळती लागली की माळवदावर दर वर्षी नवी माती टाकत जायची पद्धत. थर वाढत वाढत दीड-दोन फुटांवर गेलेले. खाली भिंत म्हणजे दोन बाजूंना गोटे रचून मधे भर, दोन्ही पदर एकमेकांना बांधणारा लांब दगडच नाही. हादऱ्याने पदर सुटले आणि वरचा सगळा भार आत आला. लाकडी खांबांचे सांगाडे कितीतरी ठिकाणी तसेच उभे होते, मी स्वतः पाहिलेत.

हे सांगण्याचं कारण. तुम्ही आज पाचव्या मजल्यावर राहता ती इमारत या जातीची नाही. काँक्रीटचे खांब-तुळया एकमेकांत बांधलेल्या असतात. ब्रेकरचा हादरा पायाला जाणवतो तो भूकंपाच्या मानाने अगदीच किरकोळ. तुमच्या मनाला आकडे पटणार नाहीत हे मी समजू शकतो. पण इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, झालंय का ते सोसायटीला विचारा. झालं असेल तर अहवाल मागून स्वतः वाचा. तुम्हाला विचारायचा अधिकार आहे आणि त्यात वेडेपणा काही नाही.

---

तेरणाकाठ | ७ ऑगस्ट, रात्री ११:५०

सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. वहिनींचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. काल रात्री त्याने तसंच केलं. दिवा, मग लांबून हाक, मग 'पुणे, २०२४, पाचवा मजला, मी आहे'. मी पहिल्यांदाच न ओरडता उठले.

ओळंबा दादा, तुम्ही चुकीच्या जागी लिहिलं नाहीत. तुमचं वाचून मी अर्धा तास रडले. का ते सांगते. हे मी नवऱ्यालाही आजच सांगितलं.

आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरातही आमच्याकडे जमीन बऱ्याचदा हादरली होती. तेव्हा आम्ही काही रात्री अंगणात झोपलो होतो. मग लोक कंटाळले, थंडी पडली, परत आत गेलो. पण आजी त्यानंतर जमेल तेव्हा बाहेरच झोपायची. विसर्जनाच्या रात्रीही तिने अंगणात वाकळ टाकली होती. मला मिरवणुकीत कुणीतरी भुताची गोष्ट सांगितली होती म्हणून मी भ्याले होते. मी हट्ट केला, आजी तू आत चल. ती म्हणाली, 'कशाला भ्यायलीस गं, मी हाय की.' आणि उठून आत आली. भाऊही तिच्या पाठोपाठ आत आला.

मी बोलावलं नसतं तर दोघं बाबांसारखी वाचली असती. ३१ वर्षं हे मी कुणालाच बोलले नव्हते.

---

चर्चगेट_विरार | ८ ऑगस्ट, रात्री १२:२०

ताई.

त्या संध्याकाळी मी एका मित्राला माझी पहिल्या वर्गातली नेहमीची जागा दिली होती, मला दरवाज्यात उभं राहायला आवडायचं म्हणून मी दुसऱ्या डब्यात गेलो. एवढंच लिहितो. तुम्ही एकट्या नाही.

---

निशिगंध_समुपदेशक | ८ ऑगस्ट, सकाळी १०:००

तुम्ही दोघांनीही हे लिहिलंत, यासाठी किती बळ लागलं असेल याची मला कल्पना आहे.

तेरणाकाठ, हे आता तज्ज्ञासमोर बोला, माझी कळकळीची विनंती आहे. स्वप्नाच्या मुळाशी कित्येकदा भीतीपेक्षा अपराधी भाव जास्त खोल असतो आणि तो निघाल्याशिवाय स्वप्न हलत नाही. तुमची चूक नव्हती हे मी सांगू शकते, तुमच्या यजमानांनी ते काल सांगितलंच असेल, पण कुणी नुसतं सांगून ते उतरत नाही. तुम्हाला तुमच्या पायांनी तिथवर पोचावं लागतं. फक्त एक प्रश्न ठेवते, उत्तर इथे द्यायचं नाही. तुमची मुलगी आता किती वर्षांची आहे? अंधाराला भिऊन तिने आजोबांना आत बोलावलं, तर तुम्ही तिला काय म्हणाल?

---

वाशिष्ठी | १० ऑगस्ट, पहाटे ४:०५

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ चा पूर. दुकान गेलं, माणसं वाचली. पत्नी आणि मी पोटमाळ्यावर बसून पाणी एकेक पायरी चढताना मोजत होतो. तेव्हापासून पावसाळ्यात जोराची सर आली की मी उठतो, बॅटरी घेऊन रस्त्यावर जातो, गटाराचं पाणी बघतो, मग फोनवर पाणीपातळीचे संदेश बघत पहाट करतो. आताही तेच करत होतो आणि हा धागा दिसला. मला वाटायचं की ही काळजी आहे, आजार नाही. हे दोन्ही वेगळं कसं ओळखायचं?

---

निशिगंध_समुपदेशक | १० ऑगस्ट, सकाळी ११:३०

वाशिष्ठी, चिपळुणात राहून पावसाळ्यात सावध असणं शहाणपणाचंच आहे. सामान वर ठेवणं, इशारा आला की हलणं, हे सोडू नका. पण इशारा नसतानाही रात्र रात्र जागरण होत असेल, पातळी कमी आहे हे वाचूनही पाच मिनिटांनी पुन्हा बघावं लागत असेल, आणि हे महिन्याहून जास्त चाललं असेल, तर दाखवून घ्या. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तोवर एक करून बघा. पाणी बघायच्या वेळा ठरवा, समजा रात्री ११ आणि पहाटे ५. मधे इशाऱ्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी द्या, एका रात्री त्यांनी, एका रात्री तुम्ही. पहारा वाटून घेतला की झोप येते.

---

तेरणाकाठ | ८ सप्टेंबर, सायंकाळी ७:३०

महिनाभर लिहिलं नाही. घरी गणपती बसलेत, प्रसादाची गडबड आहे, तरी आज ठरवून बसले.

१४४१६ ला एका रात्री फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. त्यानंतर एक मानसोपचारतज्ज्ञ ताई मिळाल्या, आघातावर काम करणाऱ्या. आतापर्यंत चार सत्रं झाली. गोळ्या मनोविकारतज्ज्ञ हळूहळू कमी करताहेत.

स्वप्न बदलायचं काम मला जमत नव्हतं. हलक्या स्वप्नावर जमलं, परीक्षेला उशीर होतोय ते. पण या स्वप्नाला हात लावायचा म्हटलं की राग यायचा. मी त्यांना म्हटलं, आजी वाचली नाही. वाचली असं चित्र मी मनात कसं रंगवू? ते खोटं आहे, आणि तिचा अपमान आहे. त्या म्हणाल्या, जे घडलं ते आपण बदलत नाही, ते तसंच राहणार आहे आणि त्याचं दुःख तुमचं आहे. आपण फक्त स्वप्न बदलतोय. ते घडलेलं नाही, ते तुमचा मेंदू रोज नव्याने रचतो. त्याला रचायला दुसरं काहीतरी देऊ.

दोन आठवडे मी कोरा कागद घेऊन जायचे. मग एक दिवस लिहिलं गेलं. माझ्या कागदावर मी आजीला आत बोलावतच नाही. मी वाकळ उचलून बाहेर जाते. आजी सरकून जागा करते. वर लिंबाचं झाड आहे. ती विचारते, 'कशाला भ्यायलीस गं.' मी सांगते, भुताची गोष्ट ऐकली. ती हसते आणि तिचा हात माझ्या मनगटावर येतो, तो ऊन आहे. बस, एवढंच. भूकंप होतो की नाही ते त्यात नाही.

हे रोज दुपारी जेवणानंतर १५ मिनिटं चालवते. पहिले काही दिवस त्याने रडूच आलं. स्वप्न अजून पडतं. पण ऑगस्टात आठवड्याला तीन रात्री पडत होतं, आता गेल्या १२ दिवसांत दोनदा. दुसऱ्या वेळी आवाज फुटला. मी 'आजी' म्हणाले आणि माझ्याच आवाजाने जाग आली.

लिफ्टच्या पायऱ्या चर्चगेट दादांसारख्या लिहून काढल्या. सध्या दार उघडं धरून आत उभी राहते, मुलगी बाहेरून आकडे मोजते. तिला ९ वं वर्ष लागलंय. निशिगंध ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं. तिला नाही, कागदावर.

---

सातारची_वहिनी | ८ सप्टेंबर, रात्री ९:००

ढोलांचं काय करताय पण? विसर्जन १७ तारखेला आहे, पुण्यात दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं. आमच्या ह्यांना दिवाळीच्या फटाक्यांच्या वेळी आम्ही गावाबाहेर शेतावर नेतो. पळणं नाही ते, बेत आहे.

---

तेरणाकाठ | ९ सप्टेंबर, सकाळी ७:१०

बेत झालाय, वहिनी. १७ ला सकाळी लवकर घरचं विसर्जन करून आम्ही मुळशीकडे जाणार, दोन रात्री. त्याआधी एका संध्याकाळी नदीकाठी सरावाच्या जागेपासून लांब उभी राहणार, जिथे आवाज कानात येतो पण छातीत नाही, तिथे. ताईंनी मंजूर केलंय.

---

वाशिष्ठी | १५ सप्टेंबर, रात्री १०:३०

पहारा वाटून घेतला. पुतण्या आणि मी. पहिल्या रात्री झोपलोच नाही, तिसऱ्या रात्री पाच तास सलग झोपलो. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय.

---

तेरणाकाठ | २ ऑक्टोबर, दुपारी ४:००

३० सप्टेंबरला गावी गेले होते. दर वर्षी बाबा जायचे, मी टाळायचे. जुन्या किल्लारीत स्मृतिस्तंभापाशी माणसं जमतात, तिथे आधी गेलो. मग आमच्या जुन्या गावठाणात.

आता तिथे बाभळी आणि दगडांचे ढीग आहेत. बाबांनी आमची जागा बरोबर दाखवली, उंबऱ्याचा एक दगड अजून आहे. मी मागच्या पाच वर्षांत त्यांना विचारायचं टाळत होते ते तिथे विचारलं. आजी आत का गेली होती हे तुम्हाला माहीत होतं का?

बाबा म्हणाले, माहीत आहे, मी बाजेवर जागाच होतो की. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, 'मीबी तिला म्हणलं हुतं, आई, दव पडायलंय, आत जा.'

तेही ३१ वर्षं कुणाला बोलले नव्हते. आम्ही दोघं त्या उंबऱ्याच्या दगडावर बसलो. त्यांनी डबा उघडला, आईने धपाटे दिले होते.

बाबा आता ७० चे आहेत. त्यांनाही रात्री उठून बसायची सवय आहे, आम्हाला वाटायचं वयामुळे. निशिगंध ताई, या वयातही हे उपचार करतात का? लातूरमध्ये कुठे दाखवता येईल? ते पुण्याला यायला तयार नाहीत, म्हशी आहेत घरी.

---

निशिगंध_समुपदेशक | २ ऑक्टोबर, रात्री ८:१५

करतात. वयाची अट नाही, फक्त रक्तदाब आणि इतर औषधं बघून ठरवावं लागतं, म्हणून त्यांच्या चालू गोळ्यांची यादी सोबत न्या. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करा. सकाळी लवकर जा, गर्दी असते. पहिल्या वेळी तुम्ही त्यांच्यासोबत आत बसलात तर बरं होईल, त्यांची हरकत नसेल तर. आणि घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, हे आईंना विचारून ठेवा. या वयात तेही तपासतात.

---

तेरणाकाठ | २ ऑक्टोबर, रात्री ८:४०

घोरतात, खूप. विचारते आईला. पुढच्या सोमवारी रजा टाकलीय.